राजाचा शब्द आणि वाइन्सबर्गच्या स्त्रिया

वेढा पडलेल्या गांवाची हकीकत बहुधा वेढा घालणाऱ्याच्या बाजूनें लिहिली जाते. सैन्य किती होतें, मोर्चे कोठें बांधले, रसद केव्हां तुटली, शरणागति कोणत्या तिथीस झाली, हें सर्व बखरकारास सांगतां येतें. कारण तो विजयी राजाच्या छावणीच्या आसपास वावरत असतो. तटाच्या आंत जीं माणसें उद्यांची वाट पाहत रात्री काढीत असतात, त्यांच्या मनाची नोंद ठेवावयास कोणी नसतें. नवरा, मुलगा किंवा भाऊ सकाळीं जिवंत दिसेल कीं नाहीं याची ज्यांस शाश्वती नाहीं, अशा बायकांच्या रात्री कशा गेल्या हें तर इतिहासास विचारण्याची सोयच नाहीं. म्हणून एखाद्या जुन्या बखरींत किल्ल्याचा दरवाजा क्षणभर उघडतो आणि त्यांतून आंतलीं माणसें बाहेर येतांना दिसतात, तेव्हां तेवढ्या ओळी फिरून फिरून वाचाव्याशा वाटतात. वाइन्सबर्गच्या स्त्रियांविषयींच्या ओळी अशांपैकीं आहेत.

वाइन्सबर्ग हें नैर्ऋत्य जर्मनींत, हाइलब्रॉन शहराच्या पूर्वेस कांहीं मैलांवर वसलेलें लहानसें गांव आहे. नांवाचा अर्थच द्राक्षासवाचा डोंगर असा होतो, आणि गांवाच्या डोक्यावर जी एकटी, शंकूच्या आकाराची टेकडी उभी आहे, तिच्या उतारांवर आजही द्राक्षांचे मळे आहेत. टेकडीच्या माथ्यावर एका पडक्या किल्ल्याचे बुरूज दिसतात. या अवशेषांस तेथील लोक 'वाइबरट्रॉय' म्हणतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर 'बायकांचें इमान'. किल्ल्यांस राजांचीं, देवांचीं, क्वचित् ते बांधणाऱ्या सरदारांचीं नांवें दिलेलीं आपण पाहतों. ज्यांचीं नांवें कोणासच ठाऊक नाहींत अशा सामान्य बायकांच्या गुणावरून एखादा किल्ला ओळखला जावा, हें विरळाच. ज्या प्रसंगावरून हें नांव पडलें तो ११४० सालचा. पायथ्याचें गांव रीतसर नगर म्हणून उभें राहिलें तें त्यानंतर सुमारें साठ वर्षांनीं. तेव्हां वेढा पडला होता तो टेकडीवरील किल्ल्यास आणि त्याच्या आश्रयानें राहणाऱ्या वस्तीस.

वेढ्याचें कारण गृहकलहाचें होतें. सम्राट् लोथार डिसेंबर ११३७ मध्यें वारला. त्याचा जांवई हाइन्रिख, ज्यास पुढें 'गर्विष्ठ' असें उपपद लागलें, हा बव्हेरिया व सॅक्सनी या दोन मोठ्या प्रांतांचा ड्यूक असून वेल्फ घराण्याचा मुख्य होता. सासऱ्यामागें गादी आपलीच, असें तो धरून चालला होता. परंतु इतक्या बलाढ्य माणसास राजा करावा हें इतर सरदारांस रुचेना. मार्च ११३८ मध्यें कोब्लेंट्स येथें थोड्याशा सरदारांनीं जमून होहेनस्टाउफेन घराण्याच्या कोन्राडची निवड उरकून घेतली. कोन्राडनें गादीवर येतांच हाइन्रिखचे दोन्ही प्रांत काढून घेतले व बव्हेरिया आपला सावत्र भाऊ लेओपोल्ड यास दिला. हाइन्रिख ११३९ च्या ऑक्टोबरांत मेला. मागें एक अल्पवयी मुलगा राहिला. मग त्याचा भाऊ वेल्फ यानें घराण्याच्या हक्कासाठीं शस्त्र धरलें आणि ११४० च्या ऑगस्टांत लेओपोल्डचा पराभव केला. त्याचा सूड उगविण्यासाठीं कोन्राड स्वतः निघाला, आणि नोव्हेंबरांत त्यानें वेल्फच्या ताब्यांतील वाइन्सबर्गास वेढा घातला.

ऐन हिवाळ्याचे दिवस. किल्ला एका सुट्या टेकडीवर; बाहेरून मदत यावयाची तर ती खालच्या खोऱ्यांतून, राजाच्या फौजेस हटवूनच यावयास हवी. आंतल्या लोकांची सारी आशा एकट्या वेल्फवर होती, आणि ती आशा खोटीही नव्हती. डिसेंबरांत वेल्फ खरोखरच सैन्य घेऊन आला. २१ डिसेंबर रोजीं किल्ल्याच्या जवळच लढाई झाली. तटावर उभें राहिलें तर आपल्या दैवाचा निकाल समोरच्या शेतांत लागतांना दिसावा, असा तो प्रसंग. वेल्फचा मोड झाला. तो स्वतः निसटला, परंतु त्याचें सैन्य उधळलें. या लढाईंत एका बाजूनें 'वेल्फ' आणि दुसऱ्या बाजूनें 'वाइब्लिंगेन' अशा आरोळ्या प्रथम उठल्या आणि त्यांवरूनच पुढें इटलींतील ग्वेल्फ व गिबेलिन या पक्षांचीं नांवें पडलीं, अशी परंपरागत समजूत आहे. ती बाजूस ठेविली तरी एवढें निश्चित कीं, त्या संध्याकाळीं किल्ल्यांत कोणासही संशय उरला नसेल. मदत आली होती, आणि नाहींशीही झाली होती. आतां राजाच्या मर्जीवांचून दुसरा आधार नव्हता. आणि राजाविरुद्ध किल्ला लढविणाऱ्या पुरुषांविषयीं राजाची मर्जी काय असणार, हें सांगावयास नको होतें.

पुढें जें घडलें तें कोलोनच्या राजबखरींत थोडक्यांत सांगितलें आहे. ही लॅटिन बखर त्या प्रसंगानंतर तीसपस्तीस वर्षांनीं रचली गेली. तींतला आशय असा: राजानें किल्ला शरण घेतला, आणि आंत असलेल्या स्त्रियांस औदार्यानें परवानगी दिली कीं, प्रत्येकीनें आपल्या खांद्यांवर जें नेतां येईल तें घेऊन जावें. त्या स्त्रियांनीं नवऱ्यांविषयींच्या निष्ठेचा आणि इतरांच्या सुरक्षिततेचा विचार करून घरांतील सामानसुमान तेथेंच टाकलें आणि पुरुषांस खांद्यांवर घेऊन त्या टेकडी उतरूं लागल्या. राजाचा भाऊ ड्यूक फ्रेडरिक यानें हरकत घेतली कीं, परवानगीचा अर्थ असा नव्हता. परंतु स्त्रियांच्या चातुर्यावर प्रसन्न होऊन राजानें उत्तर दिलें कीं, राजाचा शब्द एकदां गेल्यावर तो बदलणें शोभत नाहीं.

एवढेंच. बखरकार यावर टीका करीत नाहीं, रडतही नाहीं, हंसतही नाहीं. पुढच्या शतकांतील कवींनीं व कथाकारांनीं या चार वाक्यांवर पुष्कळ रंग चढविला. पुरुषांची कत्तल करण्याची राजाची प्रतिज्ञा, स्त्रियांची विनवणी, नवविवाहित जोडपीं, इत्यादि मालमसाला मागाहूनचा. अठराव्या शतकांत ब्यूर्गर आणि एकोणिसाव्यांत शामिसो या जर्मन कवींनीं त्यावर काव्यें रचलीं आणि ही कथा घरोघर पोंचली. आपल्याकडील वाचकास ती ऐकतांच सावित्रीची आठवण होईल, आणि ती यथार्थही आहे. सावित्रीनें यमाशीं युद्ध केलें नाहीं; यमानें दिलेल्या वराचे शब्द तिनें घट्ट धरले आणि त्यांतून नवरा सोडवून आणिला. वाइन्सबर्गच्या स्त्रियांपाशींही दुसरें शस्त्र नव्हतें. शत्रूच्या तोंडून बाहेर पडलेलें एक वाक्य त्यांनीं उचललें आणि त्याचा जेवढा अर्थ होऊं शकत होता तेवढा पुरा वसूल केला.

आतां इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विचारावयाचा प्रश्न हा कीं, हें खरेंच घडलें काय? एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत कागदपत्रांची कसून छाननी करणारी इतिहासपद्धति उदयास आली, तेव्हां या कथेवर संशयाचे आघात झाले, आणि ते हलके नव्हते. पहिला आक्षेप असा कीं, त्या काळचा सर्वांत मोठा इतिहासकार, फ्रायझिंगचा बिशप ओटो, हा वाइन्सबर्गच्या वेढ्याचा व वेल्फच्या पराभवाचा उल्लेख करतो, परंतु स्त्रियांविषयीं एक अक्षरही काढीत नाहीं. हा ओटो कोन्राडचा सावत्र भाऊ, आणि त्याचा ग्रंथ वेढ्यानंतर अवघ्या पांचसहा वर्षांत तयार झालेला. भावाच्या औदार्याची अशी सुंदर गोष्ट त्याच्या कानीं आली नसेल काय, आणि आली असती तर त्यानें ती गाळली असती काय? दुसरा आक्षेप असा कीं, शत्रूनें दिलेल्या सवलतीचा फायदा घेऊन नवऱ्यास पाठीवरून नेणाऱ्या बायकांची गोष्ट युरोपांत इतरही अनेक किल्ल्यांविषयीं सांगितली जाते. जी गोष्ट पुष्कळ ठिकाणीं घडली असें सांगतात, ती कोठेंच घडली नसावी, असा तर्क साहजिक आहे. तिसरा आक्षेप अंतराचा: कोलोन हें ऱ्हाइनच्या खालच्या अंगास, वाइन्सबर्गापासून शंभराहून अधिक मैलांवर.

परंतु दुसऱ्या बाजूचेंही म्हणणें ऐकण्यासारखें आहे. कोलोनची बखर ही चमत्कारांची पोतडी नाहीं. तिचा एकंदर बाज सावध आहे. तिच्या लेखकापुढें पाडरबॉर्न येथील एक जुनी, आतां नष्ट झालेली वार्षिक टिपणें होतीं, आणि वाइन्सबर्गचा मजकूर त्यांतूनच आला असावा, असें मत कांहीं संशोधकांनीं मांडलें आहे. तसें असेल तर ही साक्ष वेढ्याच्या काळाच्या अगदीं जवळ जाते. इतर किल्ल्यांच्या दंतकथांविषयीं म्हणावयाचें तर त्यांची लेखी नोंद वाइन्सबर्गाइतकी जुनी नाहीं. आणि नकला पुष्कळ झाल्या एवढ्यावरून मूळ कधीं नव्हतेंच, असें ठरत नाहीं. उलट, प्रसिद्ध मुळाच्याच नकला होतात. ओटोच्या मौनाविषयीं असें म्हणतां येईल कीं, त्याचा ग्रंथ जगाच्या नश्वरतेवर आणि राज्याराज्यांच्या दुःखांवर लिहिलेला आहे. मनुष्याची सारी धडपड शेवटीं मातीस मिळते हें त्यास दाखवावयाचें होतें. ज्या प्रसंगांत धडपड सफळ होते आणि सारे हंसत घरीं जातात, त्यास अशा ग्रंथांत जागा न मिळणें अगदींच अशक्य नाहीं. मौनावरून काढलेलें अनुमान नेहमींच दुर्बळ असतें.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तरी गोष्ट असंभाव्य वाटत नाहीं. शरण आलेल्या किल्ल्यांतून बायकामुलांस जाऊं देणें आणि अंगावर नेतां येईल तेवढी चीजवस्तु नेऊं देणें ही मध्ययुगीन युद्धांतील ओळखीची अट होती. तेव्हां राजाची परवानगी ही कांहीं खास या कथेसाठीं बनविलेली सोय नव्हे. पुरुषांस नेण्यास अंतरही फारसें नव्हतें. टेकडी उतरून छावणीपर्यंत यावयाचें. आणि नाट्य घडावयास प्रत्येक पुरुष प्रत्येक पाठीवर खालपर्यंत आलाच पाहिजे असेंही नाहीं; पहिल्या कांहीं जोड्या दरवाजाबाहेर पडल्या कीं राजास निर्णय घेणें भागच होतें. या सर्वांवरून माझें मत असें होतें कीं, कथेचा गाभा खरा असण्याचा संभव खोटा असण्याच्या संभवापेक्षां कमी नाहीं. याहून अधिक बोलणें हें पुराव्याच्या बाहेर जाणें होय.

तथापि बखरींतील मजकूर लोककथेशीं ताडून पाहिला म्हणजे दोन गोष्टी ध्यानांत येतात, आणि खरें पाहतां या लेखाचें प्रयोजन त्याच आहेत. पहिली ही: लोककथा ही केवळ पतिप्रेमाची कथा झाली आहे. प्रत्येक स्त्री आपल्या नवऱ्यास उचलते आणि गोष्ट संपते. बखरकार मात्र स्पष्ट म्हणतो कीं, त्या स्त्रियांनीं नवऱ्यांविषयींच्या निष्ठेबरोबर इतरांच्या सुरक्षिततेचाही विचार केला. किल्ल्यांत अविवाहित शिपाई असतील, विधुर असतील, ज्यांच्या बायका दूर गांवीं आहेत असेही असतील. विधवा स्त्रिया असतील, ज्यांस उचलावयास आपला म्हणून कोणी नव्हता. म्हणजे दरवाजा उघडण्यापूर्वीं आंत कांहीं बोलणें झालें असलें पाहिजे: कोणी कोणास घ्यावयाचें, कोणाच्या पाठीवर कोण, म्हातारी कोणास नेऊं शकेल आणि दणकट मोलकरीण कोणास. प्रेम हें एका क्षणाच्या उमाळ्यानेंही प्रकट होतें; पण सर्व गांवानें एका रात्रींत एक विचार ठरवावा, कोणीही दागिन्यांचा डबा घेऊन पुढें पळूं नये, आणि बातमी बाहेर फुटूं नये, यास उमाळ्याहून निराळें कांहींतरी लागतें. कवींनीं ज्यास निष्ठा म्हटलें तें बखरकाराच्या लेखीं एका संकटांत सांपडलेल्या वस्तीचें शहाणपण होतें.

दुसरी गोष्ट राजाविषयींची. हरकत घेणारा ड्यूक फ्रेडरिक हा कथेंत खलपुरुषासारखा दिसतो. परंतु त्याचें नातें पाहिलें म्हणजे चित्र बदलतें. फ्रेडरिकची पहिली बायको युडिथ ही वेल्फची सख्खी बहीण होती. तिच्या पोटचा मुलगा फ्रेडरिक हाच पुढें बार्बारोसा या नांवानें विख्यात झालेला सम्राट्. म्हणजे किल्ल्याच्या आंत जे लोक होते ते एका अर्थीं ड्यूकच्या मेव्हण्याचे, आणि भावी सम्राटाच्या मामाचे. या युद्धांत दोन्ही बाजूंस सोयरेच होते. कोन्राडनें शब्द पाळला याचें श्रेय त्यास अवश्य द्यावें. पण त्यास पुढें याच घराण्याशीं संसार करावयाचा होता, हेंही विसरतां कामा नये. ११४२ सालीं तह झाला. हाइन्रिखच्या मुलास सॅक्सनी परत मिळाली आणि हाइन्रिखच्या विधवेचें लग्न राजाच्या सावत्र भावाशीं लागलें. ११४७ मध्यें कोन्राड दुसऱ्या क्रूसेडास निघाला, तेव्हां त्याच्याबरोबर जाणाऱ्यांत हाच वेल्फ होता. जेथें शत्रु उद्यांचा व्याही होणार आहे, तेथें दया करणें सोपें जातें आणि दिलेला शब्द पाळण्यांत लाभही असतो. राजाचा मोठेपणा यानें पुसला जात नाहीं. तो कोणत्या जमिनींत उगवला एवढें मात्र कळतें.

हें अधिक कळावयाचें असेल तर त्याच वाइन्सबर्गांत, त्याच टेकडीच्या पायथ्याशीं, ३८५ वर्षांनीं काय घडलें तें पाहावें. जुन्या कथेच्या प्रेमिकांस हा दुसरा प्रसंग आठवावासा वाटत नाहीं; परंतु एकाच गांवचे हे दोन प्रसंग एकमेकांशेजारीं ठेवल्यावांचून दोहोंचाही अर्थ लागत नाहीं.

१५२५ सालीं दक्षिण जर्मनींतील शेतकरी उठले. वेठ, पट्ट्या, मयताच्या मालमत्तेंतून धन्यानें घ्यावयाचा वांटा, जंगल व ओढ्यांवरील गेलेले हक्क, यांविषयींच्या त्यांच्या तक्रारी मेमिंगेन येथें बारा कलमांत मांडल्या गेल्या. (वेल्फनें ११९१ सालीं देह ठेविला तें हेंच मेमिंगेन.) सरदारांच्या स्वाबियन संघानें वाटाघाटींचें निमित्त करून फौज जमविण्यास वेळ काढला, आणि ४ एप्रिल रोजीं लाइपहाइम येथें शेतकऱ्यांची मोठी कत्तल केली. ही बातमी पसरत असतांनाच नेकर व ओडेनवाल्ड भागांतील शेतकऱ्यांची टोळी वाइन्सबर्गावर आली. गांवाचा अंमलदार काउंट लुडविग फॉन हेल्फेनस्टाइन हा होता. त्याची पत्नी मार्गारेटे ही दिवंगत सम्राट् माक्सिमिलियन याची अनौरस कन्या. तिच्याजवळ तान्हेंसें मूल होतें. १६ एप्रिल, ईस्टरच्या सकाळीं, शेतकऱ्यांनीं किल्ला व गांव घेतलें. गांवकऱ्यांपैकीं कांहींजण त्यांस अनुकूल होते. किल्ला जाळला गेला, आणि तो पुन्हां कधीं नांदता झाला नाहीं.

काउंटास आणि त्याच्याबरोबरच्या कांहीं सरदारांस येक्लाइन रोरबाख नांवाच्या पुढाऱ्यानें मृत्युदंड ठरविला, आणि तोही सरदारांस लाजिरवाणा वाटेल असा: दोन रांगांत भाले धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्यांमधून धांवत जाण्याचा. मार्गारेटेनें मूल हातांत घेऊन रोरबाखाच्या पायांवर लोळण घेतली आणि नवऱ्याचा जीव मागितला. कोणीही ऐकलें नाहीं. एकेकाळीं काउंटाच्या पदरीं असलेला एक वाजंत्री पुढें पांवा वाजवीत चालला, आणि मागून काउंट भाल्यांच्या रांगेंत ढकलला गेला. मार्गारेटेस शेणखताच्या गाडींत बसवून हाइलब्रॉनला पाठविण्यांत आलें.

एक स्त्री, एक नवरा, तीच टेकडी, तीच याचना. आणि निकाल उलटा. येथें केवळ शेतकरी क्रूर आणि राजा दयाळू असें म्हणून मोकळें होतां येणार नाहीं. रोरबाखाच्या माणसांस लाइपहाइमची कत्तल ठाऊक होती. वरिष्ठांनीं आपल्याशीं बोललेला शब्द सवडीनुसार मोडावयाचा असतो, हा धडा त्यांस नुकताच मिळाला होता. काउंट आणि त्यांच्यामध्यें सोयरीक नव्हती, उद्यांचा तह नव्हता, एका पंक्तीस बसण्याची शक्यता नव्हती. ११४० मध्यें स्त्रियांस धरावयास राजाचा शब्द तरी होता. मार्गारेटेस धरावयास कांहींच नव्हतें; तिच्यासारख्यांनीं शब्दाचें मोल आधींच उतरवून ठेविलें होतें, आणि त्याची किंमत तिला एकटीला मोजावी लागली.

शेतकऱ्यांच्या बाजूसही त्या दिवशीं एक स्त्री होती. ब्योकिंगेन गांवची मार्गारेटे रेनर ही भूदास स्त्री, लोक जिला 'काळी होफमन' म्हणत, शेतकऱ्यांस चिथावणी देई, आणि काउंटाच्या प्रेताचीही तिनें विटंबना केली, असा आरोप तिच्यावर आला. बंड मोडल्यावर ती तुरुंगांत पडली, पण पुढें सुटली. दोन स्त्रियांचें नांव एकच, जन्मानें अंतर सम्राटाच्या घरापासून दासाच्या झोंपडीपर्यंतचें. वाइन्सबर्गचें नांव घेतांना पाठीवर नवरा घेतलेली स्त्रीच आठवावी असें आपणांस वाटतें. पण ही तिसरीही त्याच मातींतली, आणि तिच्या रागासही कारण होतें.

सूड लवकरच आला. मे महिन्यांत स्वाबियन संघाच्या सैन्यानें शेतकऱ्यांस चिरडलें. वाजंत्री व रोरबाख दोघांसही सांखळीनें बांधून भोंवतीं आग पेटविण्यांत आली. २१ मे रोजीं सेनापति गेओर्ग ट्रुखसेस याच्या हुकुमावरून वाइन्सबर्ग गांव जाळून बेचिराख केलें गेलें आणि त्याचे नगराचे हक्क काढून घेण्यांत आले. ज्या राजवटींत सोयऱ्यांस शब्दाचा लाभ मिळतो आणि रयतेस मिळत नाहीं, ती शेवटीं दोहोंसही सुरक्षित ठेवीत नाहीं, हें या राखेनें सांगितलें.

किल्ला पडका राहिला, त्याचे दगड लोक घरें बांधावयास नेऊं लागले. १८१९ सालीं युस्टिनुस केर्नर नांवाचा वैद्य सरकारी नोकरीवर तेथें आला. हा कवि म्हणून प्रसिद्ध आहेच. पण बिघडलेल्या मांसाच्या सॉसेजांतून होणाऱ्या प्राणघातक विषबाधेचें पहिलें बारकाईचें वर्णन करणारा संशोधक म्हणूनही वैद्यकाच्या इतिहासांत त्याचें नांव आहे. टेकडीची दुर्दशा पाहून त्यानें १८२३ मध्यें अवशेषांच्या रक्षणासाठीं स्त्रियांचें एक मंडळ स्थापन केलें. द्रव्य जमविण्यासाठीं किल्ल्याच्या दगडाचे बारीक खडे अंगठ्यांत बसवून त्या विकण्यांत आल्या. जाड बुरुजाच्या झरोक्यांत केर्नरनें वाऱ्यानें वाजणाऱ्या वीणा बसविल्या. वारा सुटला म्हणजे पडका बुरूज आपोआप गाऊं लागे. स्त्रियांच्या नांवाचा किल्ला स्त्रियांच्याच वर्गणीनें वांचावा, हें उचितच झालें.

पायथ्याच्या गांवास मात्र आणखी एकदां जळावयाचें होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या अगदीं अखेरीस, एप्रिल १९४५ मध्यें, अमेरिकन फौजा नेकरच्या खोऱ्यांत आल्या असतां जुनें वाइन्सबर्ग बहुतेक जळून गेलें. ज्या सरकारनें तें युद्ध पेटविलें त्याच्या लेखीं कराराचें आणि दिलेल्या वचनाचें मोल काय होतें, हें सर्व जगानें पाहिलें आहे. विमानांतून पडणारा गोळा कोणाशीं बोलत नाहीं. त्यास अट घालतां येत नाहीं, आणि त्याच्या शब्दांत पकडण्यासारखें कांहीं नसतें. ११४० चा वेढा क्रूर असला तरी त्यांत आंतलीं व बाहेरचीं माणसें एकमेकांचें बोलणें ऐकूं शकत होतीं, आणि सुटकेची वाट त्या बोलण्यांतूनच निघाली.

या कथेची सत्यता पुराव्यानें शेवटची कधीं ठरेल असें दिसत नाहीं. पण ती आठशें वर्षें कां टिकली, हें सांगतां येतें. संकटांत सांपडलेल्या लहान गांवास बाहेरून येणारी मदत अनेकदां खोऱ्यांतच अडते. अशा वेळीं दोन गोष्टींवर सारें अवलंबून राहतें: आंतल्यांनीं एकमेकांस सोडूं नये, आणि बाहेरच्या बलवानानें आपला शब्द स्वतःस महाग पडला तरी पाळावा. पहिली गोष्ट त्या स्त्रियांनीं केली. दुसरी एका राजानें एकदां केली. पुढच्यांनीं ती केली नाहीं, म्हणून तें गांव दोनदां जळलें. बखरकारानें राजाचें नांव लिहून ठेविलें, हरकत घेणाऱ्या भावाचेंही लिहिलें. टेकडी उतरणाऱ्या स्त्रियांपैकीं एकीचेंही नांव त्यानें लिहिलें नाहीं. तें काम पुढें त्या टेकडीच्या नांवानें केलें.